क्षारधातूंचा मुकुट

मुकुट म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर राजे, राज्याभिषेक आणि रणसंग्राम उभे राहतात. ज्या मुकुटाची हकीकत आज मी वाचकांपुढें मांडणार आहें, तो मात्र कोणत्याही राजाच्या मस्तकावर कधीं बसला नाहीं. तो अमेरिकेंतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत, तपकिरी चिकट गाळांत सांपडला. आणि ज्यांच्या मस्तकावर तो चढला तीं मूलद्रव्यें आपल्या स्वयंपाकघरांतील मिठांत, शेतांतील खतांत आणि शरीरांतील रक्ताच्या प्रत्येक थेंबांत नित्य वावरत असतात. सोडियम, पोटॅशियम आणि त्यांचीं भावंडें यांना रसायनशास्त्रानें कसें आवरलें, आणि त्या आवरण्यापासून मनुष्याच्या पदरांत काय पडलें, हा या लेखाचा विषय आहे. विषय रसायनाचा असला तरी कथा माणसाची आहे. म्हणून ज्यांस रसायनशास्त्राचा गंध नाहीं अशा वाचकांनींही पान उलटण्याची घाई करूं नये.

लोखंड, तांबें, कोबाल्ट, निकेल या धातूंचा स्वभाव मोठा मनमिळाऊ. प्राणवायूचे किंवा नत्रवायूचे अणु बाळगणारीं संयुगें जवळ आलीं कीं हे धातु त्यांच्याशीं घट्ट हात मिळवितात, आणि मोरचुदाच्या निळ्या रंगासारखे नाना रंग त्या मीलनांतून प्रकट होतात. झुरिच येथील आल्फ्रेड वेर्नर यांनीं १८९३ सालीं या जुळणीचे नियम मांडले व त्याबद्दल १९१३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पण सोडियम व पोटॅशियम हे क्षारधातु या सर्व व्यवहारापासून अलिप्त राहिले. त्यांच्यापाशीं असलेला एक सुटा ऋणविद्युत्कण निघून गेला, म्हणजे मागें जो धनभारित अणु उरतो त्यास आयन म्हणतात. हा आयन पाण्यांत सुखानें हिंडतो. परंतु तेल, बेंझीन किंवा क्लोरोफॉर्म यांत तो पाऊलही टाकावयास तयार होत नाहीं. त्याला रंग नाहीं, त्याची कोणाशीं विशेष सलगी नाहीं. पिढ्यान् पिढ्या रसायनज्ञांनीं त्याला हाताळलें, पण त्यानें कोणास ताकास तूर लागूं दिली नाहीं. अशा धातूला धरून ठेवील असें साधें, भाररहित संयुग असूं शकेल, ही कल्पनाच फारशी कोणाच्या मनांत येत नसे.

वास्तविक निसर्गानें याचा धडा आपल्या अंगणांतच घालून ठेवला होता. झाडाच्या पानांतील हरितद्रव्याचा अभ्यास करून रिचर्ड व्हिल्स्टेटर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें कीं, त्याच्या मध्यभागीं मॅग्नेशियम हा धातु आहे. या कामगिरीबद्दल १९१५ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. पुढें हान्स फिशर यांनीं या द्रव्याची घडण उलगडली. चार नत्राणु आंत तोंड करून बसलेलें एक मोठें वलय, आणि त्याच्या ऐन मध्यावर मॅग्नेशियमचा अणु, अशी ती रचना. मॅग्नेशियम हा क्षारधातूंचा शेजारी. त्यालाही मैत्रीची फारशी हौस नाहीं. तरीसुद्धां वलयाच्या पोकळींत तो असा बसला आहे कीं, पृथ्वीवरील झाडून साऱ्या वनस्पतींचें अन्न त्या वलयाच्या आधारानें शिजतें. धातूला जिंकावयाचें तर जोरानें नव्हे, त्याच्या मापाची जागा देऊन, हा बोध त्यांत होता. पण काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण शास्त्रज्ञांसही लागू आहे. १९३७ सालीं जर्मनींत ल्युट्रिंगहाउस यांनीं प्राणवायूचे अणु असलेलीं मोठीं वलयें प्रयोगशाळेंत तयार केलीं. परंतु त्या वलयांत एखादा धातु बसेल काय, हा प्रश्न पुढील चोवीस वर्षें तसाच पडून राहिला.

तो प्रश्न ज्यांच्या हातून सुटला त्या गृहस्थांचें चरित्र कादंबरीस शोभेल असें आहे. चार्ल्स जॉन पेडरसन यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०४ रोजीं कोरियांतील पुसान येथें झाला. वडील नॉर्वेचे, पेशानें आगबोटींवरील इंजिनिअर, आई जपानी. वडिलांनीं पुढें कोरियाच्या उत्तर भागांत उन्सान येथील सोन्याच्या खाणींवर नोकरी धरली. तेथें शाळेची सोय नव्हती, म्हणून आठव्या वर्षीं मुलाची रवानगी नागासाकीच्या एका मिशनरी शाळेंत व दहाव्या वर्षीं योकोहामा येथें झाली. १९२२ सालीं तो अमेरिकेस गेला, ओहायो प्रांतांतील डेटन येथें पदवीधर झाला, आणि मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयांत रसायनशास्त्राची पुढची पदवी घेऊन थांबला. अध्यापकांनीं डॉक्टरेटसाठीं राहण्याचा आग्रह केला. पण बापाच्या जिवावर आणखी दिवस काढणें त्यास प्रशस्त वाटलें नाहीं. १९२७ सालीं त्यानें ड्यू पाँत कंपनींत नोकरी पत्करली आणि ४२ वर्षें तीच केली.

या काळांत पेडरसन यांच्या नांवावर ६५ पेटंटें जमा झालीं. त्यांचें बरेंचसें काम पेट्रोल व रबर यांत चुकून राहिलेल्या तांब्यासारख्या धातूंना निष्प्रभ करण्याचें. म्हणजे धातूला वेढून घेणारीं संयुगें बनविणें, हा त्यांच्या हातचाच धंदा होता. कंपनीनें त्यांना आपल्या आवडीचा विषय निवडण्याची मोकळीक दिली होती, हीही गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. १९६१ सालीं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, व्हॅनेडियम धातूला पकडील असें एक नवें संयुग तयार करण्याच्या प्रयत्नांत ते होते. त्यासाठीं लागणारा कॅटेकॉल नांवाचा पदार्थ त्यांनीं अर्धा झांकून घेतला होता, म्हणजे त्याच्या दोन टोकांपैकीं एक बांधून ठेवलें होतें. पण सुमारें शेंकडा १० कॅटेकॉल न बांधलेला, उघडाच राहिला. पेडरसन यांस हें ठाऊक होतें. तरीही त्यांनीं तें मिश्रण तसेंच पुढें वापरलें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पात्रांत तपकिरी, चिकट, कोणास हात लावावासा वाटणार नाहीं असा गाळ तयार झाला.

तो गाळ शुद्ध करतां करतां त्यांस रेशमासारखे तंतुमय, शुभ्र स्फटिक थोडेसे मिळाले. त्यांचें प्रमाण किती? शंभरांत ०.४! ज्यानें कारखान्यासाठीं काम करावयाचें त्यानें एवढ्याशा अनाहूत पदार्थाकडे पाहूंही नये. पण पेडरसन यांनीं तो तपासला. मेथेनॉलमध्यें, म्हणजे लाकडापासून पूर्वीं काढीत त्या मद्यार्कांत, तो फारसा विरघळेना. त्यांत थोडा कॉस्टिक सोडा टाकतांच तो विरघळूं लागला. हा पदार्थ आम्लधर्मी असता तर सोड्यानें तो विरघळला यांत नवल नव्हतें. परंतु तपासणींत आम्लाची खूण कोठेंच आढळेना. मग त्यांनीं सोड्याऐवजीं सोडियमचे दुसरे निरुपद्रवी क्षार टाकून पाहिले. तरीही तेंच! याचा अर्थ एकच होता. विरघळविणारा सोडा नव्हता, त्यांतील सोडियम होता. जो सोडियम कोणाशीं बोलत नसे, तो या अनोळखी पदार्थाला हातीं धरून द्रवांत नेत होता.

मग त्या पदार्थाची घडण शोधणें आलें. पृथक्करणावरून असें वाटलें कीं, हें नऊ अणूंचें वलय असावें आणि त्याचा रेणुभार १८० असावा. प्रत्यक्ष मोजणी केली तों रेणुभार निघाला बरोबर दुप्पट, ३६०. वलय नऊ अणूंचें नव्हे, अठरा अणूंचें होतें. आणि त्यांत प्राणवायूचे सहा अणु आंतल्या बाजूस तोंड करून बसले होते. मध्यें पोकळी. त्या पोकळींत सोडियमचा आयन येऊन बसत होता. नमुना बनवून पाहतां वलयाची कड मुकुटाच्या कडेसारखी वर-खालीं झालेली दिसली. शिवाय मुकुट जसा चढवितां येतो तसा उतरवितांही येतो, आणि या वलयाचीही तीच तऱ्हा. म्हणून पेडरसन यांनीं या संयुगांना 'क्राउन', म्हणजे मुकुट, असें नांव दिलें. १८-क्राउन-६ म्हणजे अठरा अणूंच्या वलयांत सहा प्राणवायु असलेला मुकुट.

यांत एक गंमत आहे. एवढें मोठें वलय तयार करावयाचें तर द्रावण अत्यंत पातळ ठेवावें लागतें, नाहीं तर सांखळीचीं टोकें आपसांत जुळण्याऐवजीं दुसऱ्या सांखळीस जाऊन मिळतात, असा रसायनज्ञांचा अनुभव होता. पेडरसन यांनीं पुढें मुद्दाम उघडा कॅटेकॉल वापरून हें वलय केलें, तेव्हां पातळ द्रावणाचा खटाटोप न करतां शंभरांत सुमारें ४५ भाग माल हातीं आला. कारण उघड आहे. मिश्रणांत सोडियम होताच. सांखळी त्याच्याभोंवतीं वळली आणि तिचीं दोन टोकें जवळ आलीं. ज्यानें मुकुट धारण करावयाचा त्यानेंच तो घडवून घेतला.

१९६७ सालीं पेडरसन यांनीं हें सारें काम प्रसिद्ध केलें. त्यांत तीसांहून अधिक निरनिराळ्या वलयांचें वर्णन होतें, आणि मापाचा नियमही दिसत होता. पोटॅशियमच्या आयनाचा व्यास सुमारें २.७ अँगस्ट्रॉम. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटराचा दहा कोटीवा भाग. १८-क्राउन-६ ची पोकळी जवळजवळ त्याच मापाची. सोडियमला १५ अणूंचें वलय मानवतें, लिथियमला १२ अणूंचें. अर्थात् केवळ माप जुळलें कीं काम झालें, असें नाहीं. वलय किती लवचिक आहे, भोंवतालचा द्रव आयनाला किती घट्ट धरतो, यांवरही पुष्कळ अवलंबून असतें. पण ढोबळ मानानें पाहिलें तर बांगडी मनगटाच्या मापाची असावी लागते, हेंच येथें खरें आहे.

ज्या सुमारास पेडरसन कारखान्यांत हें करीत होते, त्याच सुमारास जीवशास्त्रज्ञही एका वलयापाशीं येऊन पोंचले होते. मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून व्हॅलिनोमायसिन नांवाचें द्रव्य १९५५ सालीं वेगळें काढण्यांत आलें होतें. १९६४ सालीं प्रेसमन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, तें पेशींतील पडद्यांतून पोटॅशियम पलीकडे नेतें. तेंही वलयच होतें. तें सोडियमकडे फारसें पाहत नाहीं, पोटॅशियमला मात्र सहस्रावधि पटींनीं अधिक पसंत करतें. मज्जातंतूंतील सोडियम व पोटॅशियम यांच्या येरझारांनीं मोहित झालेले स्ट्रासबुर्गचे तरुण रसायनज्ञ झाँ-मारी लेन यांनीं वलयाच्या जागीं पिंजराच केला. तीन बाजूंनीं वेढणारें हें संयुग १९६९ सालीं जगापुढें आलें. त्यास क्रिप्टँड म्हणतात, म्हणजे तळघरांत धातु लपविणारें. कॅलिफोर्नियांत डोनाल्ड क्रॅम यांनीं आधींपासूनच ताठ, पोकळी तयार ठेवून बसलेलीं संयुगें बांधलीं. १९८७ सालीं या तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. पेडरसन तेव्हां त्र्याऐंशी वर्षांचे, सेवानिवृत्त आणि आजारी होते. डॉक्टरेट नसतां विज्ञानाचें नोबेल मिळविणारे फार थोडे. त्यांपैकीं ते एक. दोन वर्षांनीं, ऑक्टोबर १९८९ मध्यें, त्यांचें निधन झालें.

आतां उपयोगाकडे वळूं. पोटॅशियम परमँगनेट हें विहिरींत टाकण्याचें जांभळें औषध आपल्या घरोघर ठाऊक आहे. तें पाण्यांत विरघळतें, बेंझीनमध्यें नाहीं. १९७२ सालीं ड्यू पाँतमधीलच सॅम आणि सिमन्स यांनीं मुकुटाच्या साह्यानें तें बेंझीनमध्यें उतरवून द्रव जांभळा करून दाखविला. पोटॅशियम मुकुट घालून बेंझीनमध्यें शिरला, त्याच्यामागें परमँगनेटलाही यावें लागलें. आणि पाण्यांत न मिसळणाऱ्या पदार्थांवर तें तेथें सहज काम करूं लागलें. मुकुटाचें काम येथें नावाड्याचें. उतारू पैलतीरीं पोंचवून तो रिकामा परत येतो, म्हणून थोड्याशा मुकुटावर पुष्कळ काम होतें. स्वतः न झिजतां क्रिया घडवून आणणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

या नावाड्याचें सर्वांत मोठें उपकार-कार्य आज रुग्णालयांत चाललें आहे. कर्करोगाचा ठाव घेण्यासाठीं जो पेट स्कॅन करतात, त्यांत किरणोत्सारी फ्लोरीन-१८ जोडलेली एक प्रकारची शर्करा रोग्यास टोंचतात. हा फ्लोरीन दर ११० मिनिटांस निम्मा होतो. म्हणून औषध झटपट तयार झालें पाहिजे. पाण्यांतला फ्लोराइड सुस्त असतो. पोटॅशियमला लेन यांच्या पिंजऱ्यांत कोंडलें, म्हणजे जोडीदार फ्लोराइड एकटा, उघडा पडतो आणि तडफेनें क्रिया करतो. पश्चिम जर्मनींतील युलिख येथें हामाखर, कोएनन व श्टोक्लिन यांनीं १९८६ सालीं ही कृति बसविली, आणि हें औषध जगभर तयार करण्याचा मार्ग सुकर झाला. पिंजरा स्वतः विषारी असल्यामुळें औषध देण्यापूर्वीं तो काढून टाकावा लागतो, व तो राहिला नाहीं ना हें तपासावें लागतें. मुकुट हें साधन आहे, अमृत नव्हे, याची ही आठवण.

दुसरें उदाहरण रक्ततपासणीचें. आपल्या रक्ताच्या द्रवभागांत सोडियम लिटरास सुमारें १४० मिलिमोल, तर पोटॅशियम केवळ ३.५ ते ५. पण हा थोडका पोटॅशियम जरासा चढला किंवा उतरला तर हृदयाचा ठोका बिघडतो. तीसपट सोडियमच्या गर्दींत पोटॅशियम तेवढा मोजावयाचा कसा? झुरिचच्या विल्हेल्म सिमोन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत व्हॅलिनोमायसिन पातळ पापुद्र्यांत बसवून विद्युन्मापक तयार केला. रोग्याच्या रक्तांतील पोटॅशियमचा आंकडा कांहीं मिनिटांत डॉक्टरांच्या हातीं येतो तो याच तत्त्वावर. तिसरें उदाहरण गॅलियमचें. मेंडेलेव्ह यांनीं १८७१ सालीं ज्याचें भाकित केलें व जो १८७५ सालीं फ्रान्समध्यें सांपडला, तो हा धातु. त्याचा ६८ मिनिटांत निम्मा होणारा प्रकार चार नत्राणूंच्या वलयांत अडकवून, विशिष्ट गांठींना चिकटणाऱ्या रेणूस जोडतात, आणि दडलेली गांठ चित्रावर चमकूं लागते. असें एक औषध अमेरिकेनें २०१६ सालीं मान्य केलें.

पदार्थविज्ञानांतही या मुकुटानें एक अद्भुत गोष्ट घडविली. मिशिगनच्या जेम्स डाय यांनीं १९८३ सालीं दोन मुकुटांच्या मध्यें सीझियम बसवून असा क्षार तयार केला कीं, ज्यांत ऋणभाराच्या जागीं दुसरा कोणताही अणु नाहीं, केवळ सुटा ऋणविद्युत्कण आहे. मिठांतील क्लोरीन काढून त्याची जागा रिकाम्या विजेनें भरावी, तसा हा प्रकार! हे पदार्थ नाजूक. हवा व उष्णता त्यांस सोसत नाहीं. पण रिकाम्या विजेची ही कल्पना जपानांत होसोनो यांनीं २००३ सालीं साध्या खोलींत टिकणाऱ्या, सिमेंटच्या जातीच्या पदार्थांत उतरविली.

सीझियमचें नांव निघालें म्हणून आपल्या घराजवळची एक गोष्ट सांगून हा भाग पुरा करतों. अणुभट्टींतील जळिताच्या उरलेल्या द्रवांत सीझियम-१३७ असतो. निम्मा व्हावयास त्यास तीस वर्षें लागतात, व त्यानंतरही तो घातकच. मुंबईस ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें मुकुटाच्याच जातीच्या एका संयुगानें तो या द्रवांतून वेंचून काढला आणि कांचेंत बंद करून त्याच्या कांड्या केल्या. दात्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशींनीं दुबळ्या रोग्यावर उलटून हल्ला करूं नये, म्हणून असें रक्त त्या किरणांखालीं धरतात. कांच कां, हें १९८७ च्या ब्राझीलमधील गोइयानिया येथील अपघातानें शिकविलें होतें. टाकून दिलेल्या एका यंत्रांतील सीझियमची विरघळणारी पूड तेथें लोकांच्या हातीं पडली आणि चार जीव गेले. पेडरसन यांस नोबेल मिळालें तें हेंच साल. कचऱ्यांतील विष वेंचून त्याचें औषध करणें, हें गाळांतून मुकुट उचलणाऱ्या माणसाच्या वारशास साजेसेंच आहे.

मी स्वतः पुष्कळ वर्षें महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवीत आलों आहें. परीक्षेच्या दिवशीं विद्यार्थ्याचा माल शुभ्र व भरपूर निघाला तर पूर्ण गुण, आणि पात्राच्या तळाशीं चिकट तपकिरी गाळ राहिला तर गुण वजा, हा आमचा रिवाज. तो मीही निमूटपणें पाळला आहे. एकदां एका मुलानें असला गाळ दाखवून विचारलें, "सर, हें काय झालें असेल?" मीं उत्तर दिलें, "मोरींत ओत, आणि पुन्हां आरंभ कर." त्या गाळांत कांहीं होतें असें मी म्हणत नाहीं, बहुधा नसावेंच. पण त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझें उत्तर चूक होतें, हें पेडरसन यांची हकीकत वाचतांना मला लख्ख उमगलें.

गाळांत रत्न नेहमीं सांपडत नाहीं. हजारांत नऊशें नव्याण्णव वेळां गाळ हा गाळच असतो. परंतु शंभरांत ०.४ भाग अनाहूत आला असतां, हा कोण म्हणून थांबून विचारण्याइतकी सवड ज्या माणसाला आहे, आणि ती सवड देण्याइतका विश्वास ज्या संस्थेला आहे, त्यांच्याच वांट्याला तो हजारावा प्रसंग येतो. आपण आपल्या मुलांना उत्तरें पाठ करावयास शिकवितों. अनपेक्षित पाहुण्याला दार उघडावयास शिकवीत नाहीं. यापुढें तरी परीक्षेच्या कागदावर गुण मांडतांना, गाळाविषयीं विचारलेल्या प्रश्नासाठीं एखादा गुण राखून ठेवावा, असा मीं माझ्यापुरता निश्चय केला आहे.